जर्मनीत ओ-पेअर म्हणून राहताना शनिवार-रविवारची भटकंती कशी जमवायची

ओ-पेअर म्हणजे परदेशी कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणारी तरुण व्यक्ती, बदल्यात तिला राहणं, जेवण आणि खर्चाला पैसे मिळतात. असं जर्मनीला निघालेल्यांच्या डोक्यात गणित साधं असतं: पाच दिवस मुलं सांभाळायची, दोन दिवस फिरायचं. नियमात मात्र असं कुठेही लिहिलेलं नाही. नियमाप्रमाणे आठवड्याला दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या आणि महिन्यातून किमान एक रविवार पूर्ण सुट्टीचा मिळतो. दीड दिवसाची ती सुट्टी यजमान कुटुंबाने मंगळवार दुपार आणि बुधवार अशी दिली, तरी नियम मोडला असं म्हणता येत नाही. म्हणून भटकंतीचा पाया करारावर सही करण्याआधीच घालावा लागतो. हे ज्यांच्याकडून राहून जातं, ते वर्षभर प्रत्येक शुक्रवारी परवानगी मागत बसतात.

जर्मनीच निवडली आहे, कारण पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींना हा रस्ता जवळचा वाटतो आणि इथले नियम बरेच स्पष्ट आहेत.

नियमांची चौकट

व्हिसाचा अर्ज करताना वय 18 पूर्ण आणि 27 च्या आत हवं. जर्मन किमान ए1, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची हवी. मुक्काम किमान सहा महिने, जास्तीत जास्त बारा, आणि ही संधी एकदाच मिळते. काम आठवड्याला 30 तासांपर्यंत आणि दिवसाला साधारण सहा तासांपर्यंत. संध्याकाळी आईवडील बाहेर गेले आणि तुम्ही झोपलेल्या मुलांपाशी थांबलात, तर तेही तास या तिसातच धरायचे. खर्चाला महिना 280 युरो मिळतात, भाषेच्या वर्गासाठी कुटुंबाकडून आणखी 70 युरो. स्वतंत्र खोली, जेवण, आणि आजारपण, अपघात व दायित्व (तुमच्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान) यांचा विमा कुटुंबाने द्यायचा. जाण्या-येण्याचं विमानभाडं सहसा तुमचं तुम्हालाच भरावं लागतं. बारा महिन्यांसाठी चार आठवडे भरपगारी रजा असते.

मुलांचं खाणं बनवणं, त्यांचे कपडे धुणं, त्यांची खोली आवरणं, बालवाडीत सोडणं-आणणं हे तुमचं काम. खिडक्या पुसणं, बागेची मशागत, घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसांची शुश्रूषा हे तुमचं काम नाही. या व्हिसावर बाहेर दुसरी नोकरीही करता येत नाही. हॉटेलात शनिवारी चार तास भांडी घासून सहलीचा खर्च काढू असा बेत कुणी करू नये, राहण्याचा परवाना त्याने धोक्यात येतो.

करारात काय लिहून घ्यायचं

कुटुंबाशी किमान दोनदा व्हिडिओवर बोला आणि त्यातल्या एका वेळी मुलं समोर असू द्या. दुसऱ्या बोलण्यात सुट्टीचा विषय तुम्हीच काढा. लाजायचं कारण नाही. जर्मन घरांत अशा गोष्टी आधी स्वच्छ बोलून घेणं हाच शिष्टाचार आहे. न बोलता नंतर रुसून बसलात, तर त्यांना खरोखरच कळत नाही काय बिनसलं.

करारात "सुट्टी आपसांत ठरवू" असं वाक्य असेल, तर त्याच्या जागी नेमकं वाक्य मागा. चालणारा मसुदा साधारण असा: महिन्यातले दोन शनिवार-रविवार शुक्रवारी संध्याकाळी सहापासून रविवारी रात्री आठपर्यंत पूर्ण मोकळे, ते कोणते हे आधीच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत ठरवायचे, बाकीच्या आठवड्यांत दीड दिवस आठवड्याच्या मध्ये. बहुतेक कुटुंबांना हे सोयीचंच पडतं, कारण उरलेल्या दोन शनिवारी त्यांना बाहेर पडता येतं. दर आठवड्याचे दोन्ही दिवस मागितलेत तर सहसा नकार येतो. महिन्यातले दोन पक्के मिळवले तर ते टिकतात.

तीन गोष्टी आणखी विचारून घ्या. घर शहरात आहे की गावात, आणि शनिवारी शेवटची बस किती वाजता? गावच्या स्टेशनापर्यंतची बस शनिवारी दुपारी दोननंतर बंद होत असेल, तर दीड दिवसातला अर्धा दिवस वाटेतच जातो. महिन्याचा प्रवास पास कुटुंब देणार का? बरीच कुटुंबं देतात, पण विचारलं तर. आणि कुटुंब सुट्टीला समुद्रावर जाईल तेव्हा तुम्ही बरोबर जाऊन मुलं सांभाळणार असाल, तर ते दिवस तुमच्या चार आठवड्यांच्या रजेत धरले जाणार नाहीत, हे लिहून घ्या. वाद सर्वात जास्त होतात ते यावरूनच.

गाडी चालवण्याची अपेक्षा असेल तर भारतीय परवाना जर्मनीत राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतो आणि सोबत भाषांतर लागतं. अपघात झाला तर विम्याच्या वरची रक्कम कोण भरणार, तेही आधीच ठरवा.

कुटुंब शोधताना पैसे मागणारं कोणीही दिसलं की तिथेच थांबा. "आमचा वकील व्हिसाचं काम बघतो, त्याला एवढे पाठवा" अशी भाषा खरं कुटुंब करत नाही. आधीच्या ओ-पेअरचा नंबर मागा. तो द्यायला खळखळ केली, तर त्यातच उत्तर आलं.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

फिरण्याची घाई असते, पण पहिला महिना कागदांचा समजा. दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट आणि घरमालकाचं, म्हणजे बहुधा यजमानाचंच, सही केलेलं पत्र लागतं. या नोंदणीच्या कागदावर पुढचं सगळं उभं असतं: बँक खातं, टॅक्सचा क्रमांक, कधी कधी वाचनालयाचं कार्डसुद्धा. मोठ्या शहरांत भेटीची वेळ आठवडे आधी घ्यावी लागते, म्हणून विमानात बसण्याआधीच ती यजमानांना घ्यायला सांगा.

मग व्हिसावरची तारीख बघा. व्हिसा पूर्ण मुक्कामाचा नसेल, तर तो संपण्याआधी आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, राहण्याच्या परवान्याचा अर्ज जाऊ द्या. कार्ड छापून यायला काही आठवडे लागतात. भटक्यांना अडकवणारी जागा हीच आहे. व्हिसा संपला आहे, कार्ड आलेलं नाही आणि हातात फक्त एक तात्पुरता कागद आहे, अशा काळात देशाबाहेर पाऊल टाकू नका. जर्मनीत बघण्यासारखं पुष्कळ आहे, तो महिना तिथेच काढा. बाहेर जाणं टाळताच येत नसेल, तर कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

व्हिसा किंवा कार्ड वैध असेल, तर दुसऱ्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. जर्मनीत घालवलेले दिवस यात मोजत नाहीत. शेंगेनमध्ये सध्या 29 देश आहेत. स्वित्झर्लंड त्यात आहे, पण ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. लंडनची स्वस्त तिकिटं बघून मोह होतो, पण तिथे वेगळा व्हिसा लागतो.

सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही अंगावर ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. शेंगेनमध्ये तपासणी नसते हे ऐकलेलं असलं तरी जर्मनीने सप्टेंबर 2024 पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. रात्रीच्या बसमध्ये पहाटे तीनला दिवे लागतात, पोलीस सीटपाशी येतात. पासपोर्ट बसच्या पोटातल्या बॅगेत असेल, तर अख्खी बस तुमच्यासाठी खोळंबते.

280 युरोत काय बसतं

भटकंतीचा कणा म्हणजे डॉयचलांड-टिकेट, देशभर चालणारं महिन्याचं तिकीट. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. त्यात देशभरातली शहर बस, ट्राम, मेट्रो, एस-बान (उपनगरी रेल्वे) आणि आरबी-आरई या प्रादेशिक गाड्या येतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्स या खासगी कंपनीच्या बस-गाड्या त्यात येत नाहीत. तिकीट तुमच्या नावावर असतं, तपासनीस ओळखपत्र मागू शकतो. हे मासिक वर्गणीचं तिकीट आहे. बंद करायचं तर 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

मग हिशोब असा बसतो. 280 मधून 63 गेले, उरले 217. फोनचे 10. भाषेचा वर्ग फोक्सहोखशूलेत, म्हणजे पालिकेच्या लोकशिक्षण केंद्रात, घेतला तरी 70 युरोच्या वर थोडी भर पडतेच, ती 30 धरा. हातात 177 राहिले. महिन्यात दोन दिवसभराच्या सहली, प्रत्येकी 15 युरोत, आणि एक रात्र मुक्कामाची सहल 60 युरोत: 30 पलंगाचे, बाकी खाणं आणि तिकिटं. एकूण 90. उरलेल्या 87 मध्ये साबण, कपडे, वाढदिवसाच्या भेटी आणि थोडी शिल्लक. कुटुंब पास देत असेल, तर आणखी एक रात्र परवडते. पहिल्या महिन्यात मात्र पॅरिसचा बेत करू नका, कारण हिवाळी बूट आणि जॅकेट यांचा खर्च नेमका तेव्हाच येतो.

पैसे वाचतात ते मुख्यतः खाण्यात. स्टेशनवरचं एक सँडविच आणि कॉफी आठ-नऊ युरो खाते. आदल्या रात्री चपातीचे रोल करून ठेवले, सोबत उकडलेली अंडी आणि सफरचंद घेतलं, तर दिवस निघतो. शनिवारी रात्रीच रविवारचं सामान घ्या, कारण रविवारी सुपरमार्केट बंद असतात. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात, मोठ्या स्टेशनांतली दुकानं चालू असतात पण महाग पडतात. पाण्याची प्लास्टिक बाटली घेतली तर तिच्यावर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात परत टाकली की पावती मिळते. स्टेशनवरच्या शौचालयासाठी युरोची नाणी खिशात असू द्या.

शनिवारची आखणी

आखणीची वेळ म्हणजे आदल्या रविवारची रात्र. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात भिंतीवर किंवा फ्रिजवर कुटुंबाचं कॅलेंडर असतं, प्रत्येकाला वेगळा रंग. तुमच्या नावाचा रंग मागून घ्या आणि ठरलेले मोकळे दिवस स्वतःच्या हाताने त्यात भरा. तोंडी ठरलेलं गुरुवारपर्यंत विसरलं जातं, भिंतीवरचं विसरलं जात नाही. गुरुवारी एकदा आठवण करा: "शनिवारी सकाळी मी नाही, लक्षात आहे ना?"

गाडी शोधताना डॉयचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, ॲपमध्ये फक्त प्रादेशिक गाड्या दाखवा असा पर्याय निवडा, नाहीतर ॲप पुढ्यात आयसीई ठेवतं आणि तिकीट चालेल असं वाटून माणूस चढतो. बाहेर पडायच्या आदल्या रात्री पुन्हा तपासा. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात, तेव्हा गाडीऐवजी बस देतात. वेळापत्रकात ती एसईव्ही या अक्षरांनी दाखवतात. ती बस स्टेशनच्या दारात नसून मागच्या रस्त्यावर उभी असू शकते आणि गाडीपेक्षा बराच जास्त वेळ घेते.

म्युनिक भागात राहणाऱ्यांसाठी साल्झबुर्गची सहल उदाहरण म्हणून बघा. डॉयचलांड-टिकेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं. प्रादेशिक गाडीने साधारण पावणेदोन ते दोन तास. सकाळी सातच्या सुमारास निघालात, तर नऊपर्यंत पोहोचता आणि गर्दी व्हायच्या आत किल्ल्यावर असता. साल्झबुर्गच्या शहर बसमध्ये मात्र हे तिकीट चालत नाही. स्टेशनपासून जुनं शहर चालत पंचवीसेक मिनिटांवर आहे, म्हणून ती अडचण मोठी नाही. खरी फसगत परतताना होते. त्याच मार्गावर म्युनिककडे जाणारी लांब पल्ल्याची गाडीही असते, ती लवकर पोहोचवते आणि कधी कधी शेजारच्याच फलाटावर उभी असते. दमलेला माणूस "म्युनिक" एवढं वाचून चढतो. डब्यावर किंवा फलकावर गाडीच्या क्रमांकाआधीची अक्षरं वाचा: आरजे, आरजेएक्स, ईसी, आयसी असेल तर चढायचं नाही. तपासणी ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना होते, त्यामुळे परतीच्या गाडीत पासपोर्ट हाताशी ठेवा. फ्राइलासिंग या जर्मन हद्दीतल्या पहिल्या स्टेशनाला गाडी थोडी थांबून राहिली तर घाबरू नका.

म्युनिकहूनच टेगर्नझे तलावाला जाताना वेगळाच पेच पडतो. गाडी एकच सुटते, पण वाटेत होल्त्सकिर्शन आणि शाफ्टलाखला तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या गावाला जातो. पुढच्या डब्यात बसायचं की मागच्या, हे डब्याच्या बाजूला आणि आतल्या पडद्यावर लिहिलेलं असतं. बसण्याआधी वाचलं नाही, तर तलावाऐवजी डोंगरातल्या भलत्याच गावी उतरावं लागतं. सोबतच्या प्रवाशाला विचारा, ए1 पातळीच्या जर्मनला हे छान काम आहे.

दुसरीकडे राहणाऱ्यांनाही दिवसभराची ठिकाणं जवळच मिळतात. फ्रँकफर्टहून ऱ्हाइनकाठचं र्‍युडेसहाइम तास-सव्वा तासावर आहे, हायडेलबर्गही साधारण तेवढंच. हॅम्बुर्गहून ल्युबेक पाऊण तास. ड्रेस्डेनहून एस-बानने एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या कड्यांकडे जाता येतं, बास्टाइचा पूल तिथलाच. सह्याद्रीत पायपीट केलेल्यांना त्या वाटा सोप्या जातील, पण तिथे खुणांची वाट सोडून उतरायची सवय ठेवू नका. बर्लिनच्या शेजारचं पॉट्सडॅम तर संध्याकाळची अर्धी सुट्टी मिळाली तरी होतं.

हिवाळ्यात सगळं वेळापत्रक उलटं धरा. डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो. डोंगर नको, शहरं आणि संग्रहालयं घ्या. म्युनिकच्या पिनाकोथेक संग्रहालयांत रविवारी एका युरोत शिरता येतं. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे सोमवारी सुट्टी मिळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रात्रीचा मुक्काम आणि सीमेपलीकडे

लांबच्या शहरासाठी शुक्रवारी रात्रीच निघायचं असेल, तर मुलं ताब्यात देण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत किमान दीड तास मोकळा ठेवा. सहाला घरी येणारी आई साडेसहाला येते, त्यात कुणाचा दोष नसतो. स्वस्त तिकीट त्याच एका गाडीसाठी बांधलेलं असतं, ती चुकली की पैसे गेले. गाडी रेल्वेच्याच कारणाने उशिरा असेल आणि शेवटच्या ठिकाणी 20 मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल, तर ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. 60 मिनिटांच्या उशिराला तिकिटाचे 25 टक्के आणि 120 मिनिटांना 50 टक्के परत मिळतात. मात्र डॉयचलांड-टिकेटवर असताना उशीर झाला म्हणून आयसीईत बसायची मुभा नाही.

लांब पल्ल्याच्या गाड्या वरचेवर वापरणार असाल, तर 27 वर्षांखालच्यांसाठी असलेलं बानकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, बघा. ते घेतल्याच दिवशी रद्द करण्याची मुदत वाचून फोनमध्ये आठवण लावा, कारण जर्मनीत बऱ्याच वर्गण्या आपोआप पुढे चालू राहतात.

स्वस्त विमानाने जाताना भारतीय पासपोर्टधारकांना एक जादा पायरी असते. सुरक्षा तपासणीला जाण्याआधी कंपनीच्या खिडकीवर कागदपत्रं दाखवून शिक्का किंवा मंजुरी घ्यावी लागते. ऑनलाइन चेक-इन झालं म्हणून थेट आत गेलात, तर दारातून परत पाठवतात, आणि तोवर खिडकी बंद झालेली असते. शहराबाहेरच्या विमानतळापर्यंतच्या बसचं भाडंही तिकिटात मिळवूनच स्वस्त-महाग ठरवा.

युरोपीय संघात फोनचं रोमिंग घरच्याच दराने चालतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असला तरी संघात नाही, तिथे काही मिनिटांच्या नकाशापायी महिन्याच्या फोनखर्चाएवढं बिल येऊ शकतं. बाझेलला, म्हणजे सीमेवरच्या स्विस शहरात, उतरण्याआधी मोबाइल डेटा बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. विम्याचंही तसंच. कुटुंबाने काढलेला विमा जर्मनीबाहेर किती दिवस आणि कोणत्या देशांत चालतो, हे पॉलिसीत वाचून घ्या.

फ्रान्समध्ये लुव्ह्रसारखी सरकारी संग्रहालयं युरोपात राहणाऱ्या 26 वर्षांखालच्यांना मोफत आहेत. ही सवलत नागरिकत्वावर नाही, राहण्यावर आहे. म्हणून भारतीय पासपोर्टसोबत जर्मन परवान्याचं कार्ड पुढे करा. वेळेची नोंदणी मात्र आधी ऑनलाइन करावी लागते.

जिथे गोष्टी बिघडतात

तीस तासांचे चाळीस होतात ते एका दिवसात होत नाहीत. "शनिवारी फक्त दोन तास बघशील?" असं तीनदा होतं आणि मग ती रीतच बनते. वहीत रोज सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा, तक्रार म्हणून नाही, हिशोब म्हणून. महिन्याअखेरी ती वही टेबलावर ठेवून बोललं, तर बोलणं आकड्यांवर राहतं. "मागच्या चार आठवड्यांत 30, 36, 38, 35 तास झाले, हे कसं जुळवू या?" हे वाक्य जर्मनमध्ये आधीच लिहून पाठ करा. मूल आजारी पडलं म्हणून कुटुंबाने सहल पुढे ढकलायला सांगितली, तर एकदा ऐकावं आणि त्या बदल्यातला दिवस तिथल्या तिथे कॅलेंडरवर भरून घ्यावा.

बोलून सुटत नसेल तर ज्या संस्थेमार्फत आलात तिला कळवा. इन व्हिया आणि फेराइन फ्युअर इंटरनात्सिओनाले युगेंडआर्बाइट या दोन जुन्या संस्था ओ-पेअरांसाठी काम करतात. करार मोडायला साधारण दोन आठवड्यांची सूचना लागते. कुटुंब बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लगेच कळवायचं, परवाना त्या कराराशी बांधलेला असतो. पासपोर्ट काढून घेणं, खोलीला आतून कडी नसणं, मारहाण, नको असलेला स्पर्श यांपैकी काहीही घडलं, तर सूचनेची मुदत मोजत बसायचं नाही. पोलिसांना 110, रुग्णवाहिकेला 112. महिलांवरील हिंसाचारासाठीची मोफत मदतवाहिनी 116016 चोवीस तास चालते आणि अनेक भाषांत बोलते.

रात्री शेवटची गाडी चुकली, तर पहिला संदेश यजमानांना: कुठे आहे, कुठे थांबतोय, उद्या किती वाजता पोहोचतोय. सोमवारी सकाळी सातला मुलांना बालवाडीत न्यायचं असेल, तर रविवारी ठरवलेल्या गाडीच्या आधीची एक गाडी पकडायचा नियम ठेवा. बालवाडीत तुम्ही उशिरा पोहोचलात, तर बालवाडी तुम्हाला नाही, आईला ऑफिसात फोन करते. मग पुढच्या शनिवारची चर्चा अवघड होते.

फोनची बॅटरी हे साधं पण वारंवार फसवणारं कारण. तिकीट फोनमध्ये आहे, फोन बंद, तपासनीस समोर: तो तुम्हाला विनातिकीटच धरतो, आणि तो दंड 60 युरो असतो. तिकीट तेव्हा वैध होतं हे नंतर कार्यालयात दाखवलं, तर रक्कम बरीच खाली येते, पण तो फेरफटका टाळायला छोटी पॉवर बँक पुरते.

शेवटचा महिना

पुढे जर्मनीतच राहायचं असेल, तर स्वयंसेवी वर्ष किंवा आउसबिल्डुंग, म्हणजे कामातून शिकण्याचा अभ्यासक्रम, यांचे अर्ज मुक्कामाच्या मध्यालाच करा. आउसबिल्डुंगसाठी सहसा बी1, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन लागतं, तेव्हा भाषेच्या वर्गाची संध्याकाळ सहलीसाठी बुडवू नका. परत यायचं असेल, तर उरलेली रजा शेवटच्या आठवड्यांत एकत्र घेता येते का ते तीन महिने आधी विचारा. तोच काळ लांबच्या सहलीचा असतो. डॉयचलांड-टिकेट निघण्याच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करा, फोनची वर्गणी तिच्या मुदतीप्रमाणे संपवा. निघण्याआधीच्या आठवड्यात पालिकेत जाऊन पत्ता काढून टाका, याला आबमेल्डुंग म्हणतात. बँक खातं शेवटचे 280 युरो आणि तिकिटाचे परत येणारे पैसे जमा झाल्यावरच बंद करा.